वाळूगावात तीस दिवस

सहल म्हटली की आपल्याकडे "चार रात्री, पाच दिवस" हे माप ठरलेलं असतं. त्यात बारा ठिकाणं, रोज सकाळी सहाला गाडी आणि घरी आल्यावर दोन दिवस नुसती झोप. त्यामुळे आम्ही श्रीलंकेतल्या एकाच गावात तीस दिवस राहणार म्हटल्यावर बुऱ्हाणपुरातल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न आला, "एवढे दिवस तिथे करणार काय?" दुसरा प्रश्न आईसाठी होता, पण तो कुणी मोठ्याने विचारला नाही.

माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, एकोणिसाव्या वर्षी तापीत बुडाला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. त्याला पोहता येत होतं, म्हणून तर आईला ते अजून उमजत नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम एकच : घोट्याच्या वर पाणी नको. राजघाटावर दिवे सोडायचे तेही वरच्या पायरीवरून कुणाच्या तरी हाती देऊन. तशी आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने बुऱ्हाणपूरचं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं लिहून ठेवलंय. म्हणजे आमच्या गावच्या कापडाने समुद्र पाहिला, आमच्या घराने नाही.

आणि अशा घरात माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने २०२४ च्या ऑलिंपिकमधलं सर्फिंग टीव्हीवर पाहिलं. स्पर्धा पॅरिसची, पण लाटा ताहिती बेटावरच्या. झालं! वाढदिवसाला सायकल नको, लाट हवी. आई बरोबर यायला लगेच तयार झाली याचं मला नवल वाटलं होतं. "मी असले की पोर पाण्यात उतरणार नाही," हा तिचा हिशेब होता, हे तिने खूप नंतर सांगितलं.

परीक्षा संपल्यावर, २०२५ च्या मार्चच्या मध्यावर आम्ही तिघी निघालो. नवरा शेवटच्या दहा दिवसांसाठी येणार होता. श्रीलंकेचा पर्यटक व्हिसा तीस दिवसांचा मिळतो, तो आम्ही पुरेपूर वापरला. गाव निवडलं वेलिगामा. दक्षिण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल लाटा चांगल्या असतात. मग मोसमी वारे फिरतात आणि सर्फिंगवाली मंडळी पूर्वेकडे अरुगम बेला जातात. वेलिगामाची खाडी पसरट आहे आणि तळाला बरीचशी वाळू, म्हणून शिकाऊ माणूस पडला तरी निभावतं. शेजारच्या मिडिगामाला पाण्याखाली खडक आहेत. तिकडे पहिल्या महिन्यात फिरकू नये.

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनवरून गाडी निघाली की रूळ समुद्राला इतके खेटून जातात की खिडकीत पाण्याचे तुषार येतील असं वाटतं. हिक्कडुवाच्या थोडं अलीकडे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने इथेच एक भरलेली आगगाडी उलथवली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात मानतात. तिथे आता बुद्धाची उंच मूर्ती उभी आहे. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला हे इंग्रजीत सांगितलं, मी आईला मराठीत. आईने खिडकी बंद केली. मला वाटलं, तीस दिवसांतला पहिलाच दिवस आणि सगळं संपलं.

वेलिगामा मात्र पाहताक्षणी परकं वाटलं नाही, त्याला निम्मं कारण भाषा. वेलि म्हणजे वाळू, गम म्हणजे गाव. सरळ आपलं वाळूगाव! सिंहली ही आपल्याच भाषाकुळातली. अत म्हणजे हात, दहय म्हणजे दहा, मुहुद म्हणजे समुद्र. लेकीने वहीच केली. महावंस या पाली ग्रंथात तर अशी कथा आहे की विजय राजपुत्राचं जहाज लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारकाला, म्हणजे आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याला लागलं होतं. घरमालकिणीला सगळे अक्का म्हणत, तिकडेही थोरल्या बहिणीला अक्काच. ती आईपेक्षा लहान, तरी आई तिला अक्का म्हणू लागली आणि ती आईला अम्मा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण खवणीवर नारळ खवताना त्यांचं तासन्‌तास चालायचं. तिथल्या अंबुल केळ्यांना आईने पहिल्या दिवशी नाकं मुरडली. अंबुल म्हणजे आंबट, आणि केळीच्या गावची बाई आंबट केळं कसं चालवून घेईल? चौथ्या दिवशी ती एका बैठकीला चार खात होती.

लेकीचे पहिले तीन दिवस कोरड्या वाळूवरच गेले. बोर्डवर पालथं झोपून हातांनी वल्हवायचं, लाटेने मागून ढकललं की हातांवर जोर देऊन एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे आणि नजर पुढे ठेवायची. पायाकडे पाहिलं की पडलात. (मीही शिकत होते. माझ्याबद्दल एवढंच सांगते की बोर्ड फार सोशिक होता.) आई छत्री घेऊन शेजारी बसायची. चौथ्या दिवशी पाण्यात उतरायचं होतं आणि त्या दिवशी ती नाही म्हणणार हे मला माहीत होतं.

पण उतरण्याआधी शिकवणाऱ्या मुलाने काठीने ओल्या वाळूवर आकृती काढली. लाटांबरोबर जे पाणी आत येतं ते कुठून तरी परत जाणारच. ते जिथून परत जातं तिथे लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत दिसतं. नवखा माणूस हटकून तिथेच उतरतो. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने पोहायचं नाही. पाण्याशी झुंजत दमून जाल. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहायचं, कारण ओढीचा पट्टा फार रुंद नसतो. तेही जमेना तर नुसतं तरंगायचं आणि हात वर करायचा.

मी आईला सांगत होते. ती म्हणाली, "परत सांग." परत सांगितलं. मग ती बराच वेळ बोलली नाही. शेवटी म्हणाली, "नदीत काय करायचं, ते विचार." मुलगा म्हणाला, नदीतही धारेच्या विरुद्ध जायचं नाही. धारेबरोबर जात जात तिरकं काठाला लागायचं, मग खाली कितीही लांब लागो.

"तो घाटाकडेच पोहत होता गं," आई म्हणाली. "आम्ही सगळे वरून ओरडत होतो, इकडे ये, इकडे ये."

चाळीस वर्षांत तिने त्या दिवसाबद्दल माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्या दिवशी कुणीच पाण्यात उतरलं नाही. संध्याकाळी आईने मला अक्काकडे दुभाषी म्हणून नेलं. त्सुनामीत अक्काची नणंद गेली होती, दुकान गेलं होतं. तो पौर्णिमेचा दिवस, तिथे पोयाची सुट्टी असते, माणसं सकाळी निवांत घरीच होती. आईने विचारलं, "मग मुलाला पाण्यात कशी सोडतेस?" अक्काचा मुलगा रोज लाटांवर असायचा. अक्काला प्रश्नच नीट कळला नाही. ती म्हणाली, "घर इथे आहे, समुद्र इथे आहे. त्याला पाणी कळायला नको का?"

दुसऱ्या दिवशी आईने हो म्हटलं नाही. ती फक्त लेकीचा टॉवेल घेऊन पाण्याच्या कडेला आली आणि हातवारे करून मुलाला विचारलं, आज ओढ कुठे आहे? ती जागा बदलते, हे तिने लक्षात ठेवलं होतं. पुढे हा रोजचा नेमच झाला. आधी आई गडद पट्टा शोधणार, छत्रीने दाखवणार, मग शिकवणी सुरू. दोन परदेशी मुलं चुकून त्या पट्ट्यात उतरत होती तर तिने त्यांना खास बुऱ्हाणपुरी हिंदीत हाकललं.

गुढीपाडवा तिथेच आला, ३० मार्चला. बांबू अक्काने दिला, कडुनिंबही मिळाला, त्याला तिकडे कोहोंब म्हणतात. अक्काच्या व्हरांड्यात आईच्या पैठणीची गुढी उभी राहिली आणि अर्धी गल्ली पाहायला आली. त्याच आठवड्यात लेक बोर्डवर उभी राहिली. तीन सेकंद असेल. आईने ते पाहिलं नाही, ती पलीकडचं पाणी बघत होती. लेक रुसली, मग दुपारी पुन्हा उभी राहिली, या वेळी आजीला आधी हाक मारून.

१४ एप्रिलला सिंहली नववर्ष, आणि त्याच रात्री आमचं विमान. मुहूर्तावर चूल पेटवून अक्काने मडक्यात दूध उतू जाईपर्यंत तापवलं, मग नारळाच्या दुधातला भात, किरिबत, सगळ्यांना भरवला. त्यानंतर दोघी हात धरून किनाऱ्यावर गेल्या. आई कमरेइतक्या पाण्यात गेली. लाट आली तशी उडी मारली, ओठ चाटले आणि आमच्याकडे वळून ओरडली, "खरंच खारट आहे गं!"

घरी आल्यावर नातेवाइकांनी विचारलं, काय काय पाहिलं? गॉलचा डच किल्ला एका दुपारी पाहिला, बाकी यादीत सांगण्यासारखं काही नव्हतं. आईने मात्र इंदूरला भावाला फोन लावला. "मे महिन्यात दोन्ही पोरांना पोहायला घाल. मी येऊन बसते." आणि खरंच महिनाभर ती रोज तरणतलावाच्या काठावर छत्री घेऊन बसली. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या सरांना सांगितलं, "आधी आडवं पोहायला शिकवा." तलावाच्या पाण्याला ओढ नसते, हे त्यांनी तिला समजावून पाहिलं. तिने ऐकलं नाही.