अळ्यांच्या माळावर

मराठीच्या प्राध्यापकाने राक्षसपट पाहू नयेत, असा आमच्या घरात एक समज आहे. तरी १९९० सालचा 'ट्रेमर्स' मी तीनदा पाहिला. आणि पुतण्याकडे लॉस एंजेलिसला गेलो तेव्हा डिस्नेलँड सोडून त्या चित्रपटातला माळ पाहण्याचा हट्ट धरला. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला, पण आल्या.

उत्तरेला साडेतीन तास मोटार हाकल्यावर लोन पाइन हे लहानसे गाव लागते. पश्चिमेला अलाबामा हिल्स. टेकड्या कसल्या, गोटेच ते! हत्तीएवढे, घराएवढे, तांबूस. आणि त्यांच्यामागे एकदम १४,५०५ फुटांचे माउंट व्हिटनी. चित्रपटात इथे जमिनीखालून अजस्र अळ्या येतात. त्यांना डोळे नाहीत. पावलांच्या हादऱ्यावरून माणूस हेरतात आणि गिळतात. खडक मात्र त्यांना फोडता येत नाही. म्हणून बिचारी मंडळी लांब काठ्या टेकून खडकावरून खडकावर उड्या घेतात. मीही एका खडकावर चढलो. पुढचा दहा हातांवर होता. उडी मारली नाही, हे सांगायला नकोच.

गंमत अशी, की हे गोटे घडले तेही जमिनीखालीच. भेगांतून मुरलेल्या पाण्याने ग्रॅनाइटचे कोपरे कुजवले, पुढे वरची माती वाहून गेली आणि गोल गाभे उघडे पडले.

१९३९ सालच्या 'गंगा दीन'साठी याच खडकांनी आपल्या वायव्य सरहद्दीचे सोंग घेतले. गंगा दीन म्हणजे पलटणीचा भिस्ती. पाणी वाहणाऱ्याची कथा चित्रित झाली ती नेमकी अशा मुलखात, जिथले पाणी २५ वर्षांपूर्वीच पळवले गेले होते!

कारण १९१३ साली लॉस एंजेलिसने या खोऱ्यातली ओवेन्स नदी २३३ मैलांच्या कालव्याने आपल्या नळांत नेली. गावाच्या दक्षिणेला ओवेन्स सरोवर होते. त्यावर एके काळी आगबोट चालत असे. १९२६ पर्यंत त्याचा तळ उघडा पडला. मग खारट धुळीची वादळे, आणि ती धूळ माणसांच्या छातीत.

सौभाग्यवतींचे माहेर माणदेशातले. कोरड्या तळाकडे पाहत त्यांनी विचारले, "आणि इथले लोक गप्प बसले?"

नव्हते बसले. नोव्हेंबर १९२४ मध्ये शेतकऱ्यांनी या टेकड्यांजवळचे कालव्याचे दरवाजे ताब्यात घेतले आणि चार दिवस पाणी पुन्हा नदीत सोडले. बायकापोरे आली, चुली पेटल्या. टेकड्यांत चित्रीकरण करत असलेल्या टॉम मिक्स या नटाने आपला वाद्यवृंद धाडला, असे सांगतात. मग दरवाजे पुन्हा बंद झाले.

पुतण्या इतकी वर्षे तिथे राहतो. हे त्याने पहिल्यांदाच ऐकले. धूळ बसवण्यासाठी २००१ पासून शहराला सरोवराच्या तळावर थोडे पाणी परत सोडावे लागते. आम्ही गेलो तेव्हा त्या घोटाभर पाण्यात पक्षी उतरले होते. सौभाग्यवती ते मोजत बसल्या, आणि मला मोटारीत जाऊन त्यांच्यासाठी चष्मा आणावा लागला.