वारा हाच घाट

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. लहानपणी पेपरात हा किताब वाचला, तेव्हा मी परभणीत तासावर भाड्याची सायकल आणून, सीटवरून पाय पुरत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून कैची मारत होतो. आमच्या परभणीला घाट कुठला? पाथरी रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना काळं रान, मध्ये सरळ डांबर. एवढ्या सपाटीवर सायकलवाल्याची परीक्षा ती काय होणार, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आषाढात पश्चिमेचा वारा सुटतो. सोयाबीनची कोवळी पानं उलटी होऊन पांढुरकी दिसायला लागतात, बांधावरची बाभूळ एका अंगाला कलते. त्या वाऱ्यात मानवतकडे तोंड करून सायकल हाणून बघा. गाडी ताशी १८ किलोमीटरने चालली आणि समोरून वारा २२ चा असला, तर छातीवर ४० चा वारा बसतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट तर अडथळा चौपट. घाटाला निदान माथा असतो, तिथे पोचल्यावर सुटका होते. वाऱ्याला माथा नाही. आमच्या जिल्ह्याचा घाट हाच, आणि तो मी साठीत चढायला शिकलो.

निमित्त होतं २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचं. सायकलवाले तिला बीआरएम म्हणतात. नियमांत लिहिलेलं आहे की ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर निघत नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेतल्या कंट्रोलवर ठरलेल्या वेळेत कार्डावर शिक्का घ्यायचा. वेळ संपल्यावर पोचलात तर शिक्का नाही, आणि कंट्रोल उघडण्याआधी पोचलात तरी थांबायचं. वयाला सवलत कसलीच नाही. पंचविशीतल्या पोराला जे घड्याळ तेच मला. मी तिला शर्यतच म्हणतो, कारण या वयात दुसऱ्या कुणी आपल्याला त्याच घड्याळावर मोजलेलं नसतं. बँकेतसुद्धा रांग वेगळी. ब्रेव्हेत मात्र सरळ हिशेब होता आणि मला तो मान्य होता.

पहिल्या वर्षी तो हिशेब चुकला. सकाळी सहाला निघालो, पूर्वेकडे. १०० किलोमीटर साडेचार तासांत! पायांत काय बळ आलंय, असं वाटून एकटाच पुढे निघून गेलो. पाठीवरचा वारा माणसाला कळत नाही; त्याचं सगळं श्रेय पाय घेतात. परत वळलो आणि वारा अंगावर आला. हवा कमी झाली असेल म्हणून दोनदा उतरून टायर दाबून पाहिलं, चाक आऊट आलंय का ते फिरवून पाहिलं. दोन्ही ठीक होतं. धुऱ्यावर बैलं सोडून बसलेला एक जण म्हणाला, “काका, एवढ्या वाऱ्याचं कुठं निघालात?” मला धड उत्तर देता आलं नाही. मुक्कामी पोचलो तेव्हा सात वाजून पन्नास मिनिटं झाली होती. कंट्रोल साडेसातला बंद झालं होतं. वीस मिनिटं.

‘या वयात कशाला?’ हा प्रश्न नंतर फार ऐकला. ज्या दिवसांत मी सराव करतो त्याच दिवसांत शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीवरून दैठण्याच्या वाटेने गंगाखेडला जाते. तिच्यात माझ्याहून थकलेली माणसं पंढरपूरपर्यंत पायी चालतात. त्यांना वय कुणी विचारत नाही, उलट पाया पडतात. डोक्यावर हेल्मेट दिसलं की मात्र लोकांना वय आठवतं.

रॉबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थांची गोष्ट मला याच काळात आधाराला आली. १९११ चा जन्म. तरुणपणी सुटलेली सायकल त्यांनी सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा धरली. वयाच्या शंभराव्या वर्षी तासाभरात २४ किलोमीटरच्या वर, आणि १०२ व्या वर्षी जवळजवळ २७. मधल्या दोन वर्षांच्या सरावात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढल्याचं शास्त्रज्ञांनी मोजलं. शंभरी ओलांडल्यावर वाढली! तरी मला त्यांचा २०१७ चा आकडा सर्वांत मोठा वाटतो : २२.५४७ किलोमीटर. तेव्हा ते १०५ वर्षांचे होते. आपलाच आकडा आता गाठता येणार नाही हे ठाऊक असून माणूस पुन्हा गाडीवर बसला, याला मी पराक्रम म्हणतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही तिघे गेलो. एक निवृत्त सर, माझ्याहून सात वर्षांनी मोठे, एक शेतकरी मित्र, आणि मी. परतीच्या वाऱ्यात सर म्हणाले, “चाकाला चाक लावून या. दगडाला दगड बदलू.” म्हणजे किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत एकाने पुढे राहून वारा खायचा, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला चालायचं, मग पुढच्याने बाजूला होऊन मागे यायचं. चांगल्या आडोशाला पाव-तृतीयांश तरी कष्ट वाचतात. माझ्या नजरेसमोर फक्त सरांचं मागचं चाक, मडगार्डवरून उडणारं काळं पाणी, त्यांच्या पाठीवरची चमकती पट्टी. शेवटच्या वीस किलोमीटरला माझ्या मांडीत गोळा आला. माझा दगड आला की सर बाजूला व्हायचेच नाहीत. मी ओरडलो, “सर, माझा नंबर!” त्यांनी मागे न बघता एक हात हलवला. अडुसष्टाव्या वर्षीचा तो हात, आणि त्याच्यापुढे सगळा पश्चिमेचा वारा.

तिघांच्या कार्डांवर एकच वेळ पडली : संध्याकाळचे सात वाजून पाच मिनिटं. शिक्का मारणाऱ्या मुलाने सरांचं कार्ड आधी मागितलं, तर सरांनी माझं पुढे केलं.