संदुकीतला मशरू

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत, नवाबपुरा, शहागंज, सिटी चौकाच्या गल्ल्यांत, जुन्या घरात एक तरी संदूक असतेच. त्यात दादाजानची हिमरूची शेरवानी, दादीच्या निकाहातला कमख्वाबचा जोडा, मशरू लावलेला लिहाफ, कधी एखाद्या पैठणीचा पदर. घराला नवा रंग लागतो, सोफा येतो, भिंत मोकळी वाटू लागते आणि मग कुणाला तरी संदूक आठवते.

पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक घडते. कापड जुनी जरी घेणाऱ्याकडे जाते आणि तो ते जाळून त्यातली चांदी काढून घेतो. नाहीतर ते चौकटीत खिळे मारून दिवाणखान्यात टांगले जाते, पश्चिमेच्या खिडकीसमोर. पहिल्या प्रकारात कापड एका दिवसात संपते, दुसऱ्यात काही उन्हाळ्यांत.

हे कापड काय आहे ते आधी पाहू. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा तिच्याबरोबर विणकरही आले, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजधानी परत गेली, माग मात्र दख्खनमध्ये राहिले. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तिचेच पुढे औरंगाबाद झाले. मोगल सरदार आणि नंतर निजामाचे अमीर-उमराव हे या मागांचे गिऱ्हाईक. निजामाची राजधानी १७६३ मध्ये हैदराबादला गेली, तरी शेरवानीचा हिमरू इथूनच जात राहिला. १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले, दरबार उठला आणि त्याच्याबरोबर मोठे गिऱ्हाईकही गेले. तेव्हापासून हा हुन्नर मूठभर घरांत आणि पर्यटकांच्या खरेदीवर तगून आहे.

हिमरू आणि मशरू यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. हिमरूची जमीन सुती असते. तिच्यावर रेशमाचा जादा आडवा धागा फिरवून वेल, बुटी, जाळी उठवतात. नक्षीत न लागणारा धागा कापडाच्या पाठीवर मोकळा सुटतो आणि तिथे मऊ थर तयार होतो. म्हणून हिमरूची शाल अंगावर ऊबदार लागते. मशरूत उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे. विणताना रेशीम सगळे वर राहते, सूत खाली. बाहेरून पाहणाऱ्याला रेशीम दिसते, अंगाला सूत लागते.

‘मशरू’ म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. पुरुषांना निव्वळ रेशीम वापरण्याची मनाई हदीसमध्ये आहे. हनफी फुकहांनी मात्र उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असेल, तर ते कापड पुरुषांना जायज ठरवले, कारण कापड खरे घडते ते आडव्या धाग्याने. मला यात फार मौज वाटते. फिक्हचा एक मसला आणि मागावरची एक रीत इतकी तंतोतंत जुळलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल. उंची कापड हवे आणि दीनची हदही सांभाळायची, या ओढाताणीतून विणकराने काढलेली ही वाट आहे. आपल्या लिहाफाचे अस्तर म्हणजे तिचा पुरावा, आणि आपण ते भंगाराच्या भावाने देऊन टाकतो.

आता भिंतीचा प्रश्न. सहीह मुस्लिममध्ये आदरणीय आयेशा (रजि.) यांची एक हकीकत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मोहिमेवर गेले असता त्यांनी दारावर एक चित्रांचे जाड कापड टांगले. परतल्यावर प्रेषितांनी (स.) ते पाहिले आणि चेहऱ्यावर नाराजी उमटली. त्यांनी ते ओढून काढले आणि दगडमातीला कपडे चढवण्याचा हुकूम अल्लाहने आपल्याला दिलेला नाही, अशा अर्थाचे सांगितले. आयेशांनी (रजि.) त्या कापडाच्या दोन उशा केल्या, आत खजुराचा काथ्या भरला, आणि त्याला प्रेषितांनी (स.) हरकत घेतली नाही. अनेक आलिमांनी यावरून भिंती मढवणे हराम नव्हे पण नापसंत असे म्हटले आहे. रेशमी गादी-तक्क्याबद्दलही मतभेद आहेत. इमाम अबू हनीफांनी त्याला मुभा दिली, त्यांच्या दोन्ही मोठ्या शागिर्दांनी दिली नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

मला या हकीकतीत घरातल्या बाईची हुशारीही दिसते. कापड फेकले गेले नाही, त्याची जागा बदलली. दिवाणखान्याची चारही अंगे मढवण्याचा सोस सोडला, तर जुन्या कापडाला घरात पुष्कळ जागा आहेत. फाटलेल्या लिहाफातला मशरूचा धड तुकडा तक्क्याला शोभतो. पण जे अजून अख्खे आहे त्याला कात्री लावू नये. पैठणी तर मुळीच कापू नये. तिच्या पदराची नक्षी आडवे रंगीत धागे एकमेकांत अडकवून उठवतात, परदेशी राजवाड्यांतले चित्रपडदे ज्या रीतीने विणत त्याच जातीचे हे काम. त्यामुळे हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. एकदा कापली की असा पदर पुन्हा जोडता येत नाही.

एखादा तुकडा टांगायचाच असेल तर खिळा आणि डिंक दोन्ही टाळा. वरच्या कडेला मागून धुतलेल्या सुती कापडाची नळी हाताने शिवा आणि तिच्यात काठी घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटले जाते. ऊन पडेल अशी भिंत नको. उडालेला रंग आणि कुजलेले रेशीम कोणत्याही उपायाने परत येत नाही. जपानात क्योतोच्या जुलैतल्या गिऑन उत्सवात रथांवर जुने गालिचे टांगतात, त्यांतले काही अभ्यासक आपल्या दख्खनचे मानतात. उत्सव संपला की ते पुन्हा आत जातात. आपल्याकडेही ईदचे तीन-चार दिवस कापड बाहेर, बाकी वर्षभर आत, असे करायला काय हरकत आहे?

आत ठेवण्याची रीतही आपण बिघडवली आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. आणि संदुकीत अत्तर शिंपडणे तर बंदच करा. त्याचे तेल रेशमावर बसले की डाग जन्मभर राहतो. जुन्या मलमलीत कापड सैल गुंडाळा, जमले तर रुळावर. घडीच घालावी लागली तर दर वर्षी घडीची जागा बदला, कारण जरी घडीवरच तुटते. पावसाळा सरला की सावलीत दोन तास हवा द्या.

ज्यांच्याकडे संदूक नाही त्यांनी नवा हिमरू घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. बीबी का मकबऱ्याकडे जाणारा पर्यटक ‘हिमरू’ म्हणून जे घेऊन जातो त्यात यंत्रमागाचा माल पुष्कळ असतो. पाठीवरचे सुटे धागे ही पुरेशी खूण नाही, यंत्रही ते सोडते. कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम रेशीम कागदासारखे जळते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बऱ्याच हातमागांवरही आता कृत्रिम रेशीम चढते. त्यात फसवणूक नाही, पण विकणाऱ्याने ते सांगितले पाहिजे आणि भाव त्याप्रमाणे हवा.

त्यापेक्षा नवाबपुऱ्यात किंवा जफर गेटजवळ जाऊन माग चालताना पाहा. दादाजानच्या शेरवानीचा फोटो बरोबर न्या, पाठीच्या बाजूचाही. अशी बुटी पुन्हा विणता येईल का ते विचारा. नक्षी मागावर बांधायला वेळ लागतो, कापड त्यानंतर बोटाबोटाने वाढते. भाव ऐकून घासाघीस करण्याआधी अर्धा तास तिथे बसा. घरी दोन तक्क्यांपुरते कापड आणले तरी तेवढे दिवस एक माग चालू राहतो.