खारवलेला सीना आणि खिशातली चिठ्ठी

"मामू, तुमच्याकडे ओव्हन आहे ना? मग सतरा तारखेचा इफ्तार तुमच्याकडे. मी कॉर्न्ड बीफ करणार आहे."

२०२५ च्या रमजानमधली ही गोष्ट. माझी भाची अमेरिकेत बॉस्टनला नोकरी करते. ईदसाठी महिनाभर अंबरनाथला माहेरी आली होती. १७ मार्च हा आयरिश लोकांचा सेंट पॅट्रिकचा दिवस. तिच्या ऑफिसात निम्मे लोक आयरिश वंशाचे. दरवर्षी त्या दिवशी ते कोबी-बटाट्यांबरोबर खारवलेलं मांस करतात, वरून गोड-आंबट मुलामा देऊन भाजतात आणि सगळ्यांना बोलावतात. हिनेही तिथल्या हलाल दुकानातून मांस आणून ते शिकून घेतलं होतं. आता मामूला आणि नानीला खाऊ घालायचं होतं.

मी म्हटलं, "बीफ म्हणू नकोस गं बाई. मोठ्याचं म्हण."

ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

आधी पदार्थ काय आहे ते सांगतो. कॉर्न्ड म्हणजे मक्याचं नव्हे. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलाही दाणा, इथे खड्या मिठाचा दाणा. मिठात मुरवलेलं मांस, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी सीन्याचा, म्हणजे छातीचा भाग लागतो. तो चिवट असतो म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून गरिबांचा.

या मांसाचा इतिहास मला खाण्याआधी वाचायला मिळाला. सतराव्या-अठराव्या शतकात आयर्लंडमधलं कॉर्क हे बंदर खारवलेल्या गोमांसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होतं. इंग्लंडने १६६० च्या दशकात कायदे करून आयर्लंडची जिवंत जनावरं आपल्या बाजारात येणं बंद केलं. मग तिथेच कापून, पिंपात खारवून ते मांस इंग्रजांच्या जहाजांवर आणि वेस्ट इंडीजच्या मळ्यांकडे जाऊ लागलं. कॉर्कच्या गरिबाच्या ताटात मात्र बटाटाच. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि साथींनी मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या शेजारी ज्यू कसायांची दुकानं होती. तिथे डुकराचं मांस नव्हतं, सीना होता आणि तो परवडत होता. कोबी त्याहून स्वस्त. जे आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खारवलं, ते परक्या देशात पहिल्यांदा स्वतःच्या सणाला ताटात आलं.

हे वाचताना मला अब्बा आठवले. १९७२ च्या दुष्काळात ते उस्मानाबाद जिल्ह्यातून अंबरनाथला आले. कारखान्यात हंगामी काम, चाळीत एक खोली, फ्रिज नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना बकरी ईद दिवाळीच्या आसपास यायची, हवा कोरडी असायची. अम्मी कुर्बानीच्या गोश्ताच्या लांब पट्ट्या कापायची, त्यांना मीठ-हळद चोळायची आणि पत्र्यावर दोरी बांधून त्यावर टाकायची. वरून जुनी ओढणी. कावळे हाकलायचं काम माझं. ते सुकलेलं गोश्त पुढे कित्येक आठवडे डाळीत, वांग्यात चार-चार तुकडे पडायचं. अब्बा सांगायचे, गावात महारवाड्यातही अशाच पट्ट्या वाळत असायच्या, त्यांना चान्या म्हणत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या स्वयंपाकघराबद्दल लिहिलं आहे. दोरी वेगळी, मीठ तेच.

तर मंगळवारी, ११ तारखेला, मी सीना आणायला उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने दोन किलोचा तुकडा काढला, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक बांधला आणि मी काही न मागता एका कागदावर तारीख, वजन आणि ठळक अक्षरात 'म्हैस' असं लिहून माझ्या हातात दिलं.

"सर, खिशात ठेवा. वरच्या."

"सगळ्यांना देता?"

"लांब जाणाऱ्यांना देतो."

मी बदलापूरला राहतो. उल्हासनगरहून दोन स्टेशनं.

आपल्या राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यापासून आहे. १९९५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले, आणि त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली. म्हैस-रेड्याच्या मांसाला बंदी नाही. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. कायदा मला पाठ आहे. पण गाडीत कायदा कोण विचारतो? ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून येणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एका मुस्लिम गृहस्थांना इगतपुरीजवळ जमावाने मारलं. ते कल्याणला लेकीकडे निघाले होते. बरणीत म्हशीचं मांस आहे, असं ते सांगत होते. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. लेकीसाठी काहीतरी घेऊन निघालेला बाप, एवढंच मला त्यात दिसलं होतं.

मी पिशवी मांडीवर न ठेवता पायाशी ठेवली. अंबरनाथला गर्दी चढली. एका मुलाचा बूट पिशवीला लागला, तो "सॉरी काका" म्हणाला. काहीही घडलं नाही. तरी बदलापूर येईपर्यंत माझा हात वरच्या खिशावर होता.

भाचीने तीन लिटर पाण्यात पाव किलो मीठ, अर्धी वाटी गूळ, मिरी, मोहरी, धणे, लवंग, दालचिनी आणि तमालपत्र उकळलं. पाणी पूर्ण थंड झाल्यावर त्यात मांस बुडवलं आणि वर येऊ नये म्हणून पाणी भरलेली वाटी ठेवून पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. गुलाबी रंगासाठी यात सोऱ्यासारखा क्षार घालतात, पण ती वस्तू अंदाजाने घालायची नव्हे. बॉस्टनकडे बिनसोऱ्याचं, करड्या रंगाचंही करतात, म्हणून आम्ही ते सोडून दिलं. सहा दिवस, रोज एकदा उलटायचं.

गुरुवारी होळी. संध्याकाळी शेजारच्या वहिनी पुरणपोळ्यांचं ताट आणि दुधाच्या दोन पिशव्या घेऊन आल्या. त्यांचा फ्रिज बिघडला होता. बारा वर्षांचा शेजार आहे. त्या सरळ आमच्या फ्रिजकडे गेल्या, मी पुढे होऊन दार धरलं. त्यांनी पातेलं पाहिलं.

"लोणचं घातलंय का सर?"

"हो," मी म्हणालो.

रमजानचा महिना, बारावा रोजा, इफ्तारला अर्धा तास उरलेला, आणि मी चोख खोटं बोललो. त्यांनी आणलेली पुरणपोळी इफ्तारला खाल्ली. गोड होती, घशाखाली उतरायला वेळ लागला.

रविवारी रात्री भाचीने छोटा तुकडा कापून उकडून पाहिला, कारण दुसऱ्या दिवशी रोज्यात मीठ चाखणार कोण? खारट होता, म्हणून तिने सीना धुऊन रात्रभर साध्या पाण्यात ठेवला. सोमवारी दुपारपासून तो मंद आचेवर चार तास शिजला. म्हशीच्या मांसाला वेळ लागतो. त्याच पाण्यात शेवटी बटाटे, गाजर, कोबी. मग गूळ, वाटलेली मोहरी, चिंचेचा कोळ आणि चिमूटभर तिखट आटवून तो पाक वरून तीनदा लावत ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. वर तांबूस, चकचकीत साय धरली. गुळाचा वास जिन्यापर्यंत गेला.

पावणेसातच्या सुमारास अजान झाली. खजूर, पाणी, नमाज, मग ताटं. भाचीने धाग्याच्या आडव्या पातळ चकत्या कापल्या. अम्मीने एक घास घेतला, बराच वेळ चावला.

"हे तर आपलंच आहे. पत्र्यावरचं. फक्त गूळ जास्त झालाय."

भाची सांगत होती, बॉस्टनमध्ये त्या सुमारास लोक हिरवे कपडे घालून मिरवणूक काढतात, दुकानांत सीन्याचे ढीग लागतात, कुणीही कुणालाही विचारतं, आज तुमच्याकडे शिजलं का? मी ऐकत होतो. ज्यांना त्या देशात एकेकाळी नोकरी आणि घर द्यायला लोक नाखूश होते, त्यांचं मांस आज सगळं शहर खातं. पदार्थ सणाचा होतो तो चवीने नव्हे. तो लपवावा लागत नाही, तेव्हा होतो. आणि मी तर कुणी धमकावलं नसताना, स्वतःच्या स्वयंपाकघरात, पुरणपोळी घेऊन आलेल्या बाईपासून तो लपवला होता.

जेवण झाल्यावर मी शेजारचं दार वाजवलं.

"वहिनी, ते लोणचं नव्हतं."

"मग?"

"म्हशीचं मटण. मिठात मुरवलेलं. भाचीने केलं."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी खात नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण सर, खोटं कशाला बोललात? मी काय केलं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. गाडीतली भीती मी त्यांच्या अंगावर टाकली होती, हे कसं सांगणार?

"उद्या दूध ठेवायला येऊ का नको?" त्यांनी विचारलं.

"या," मी म्हटलं.

त्या आल्या. फ्रिजमध्ये उरलेल्या चकत्यांचा डबा होता. त्यांनी तो थोडा बाजूला सरकवला आणि दूध ठेवलं.

चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे, लोकलच्या पासशेजारी. वहिनींसमोर तिची गरज नाही, हे आता मला कळलं आहे. गाडीत मात्र ती मी अजून काढून टाकलेली नाही.