नायट्राइडमध्ये अडकलेला इलेक्ट्रॉन

फ्लॅश मेमरीत विद्युतभार कशात साठवावा, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात नेहमी नव्या पदार्थांच्या नावांनी विचारला जातो: हाफ्नियम ऑक्साइड, सिलिकॉनचे नॅनोकण, धातूंचे नॅनोकण. माझ्या मते खरी अडचण साठवण्यात नाहीच, साठवलेलं हवं तेव्हा सोडून देण्यात आहे. १९६७ साली बेल लॅब्समधल्या डावॉन कांग आणि सायमन झी यांनी मांडलेल्या फ्लोटिंग गेटमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात. लिहून-पुसून खालच्या सात-आठ नॅनोमीटरच्या ऑक्साइडमध्ये गळतीची एक वाट पडली, की चीर गेलेल्या माठासारखा सगळा साठा तिथून निघून जातो. सिलिकॉन नायट्राइडमध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या सापळ्यात असतो. वाटेजवळचे तेवढे जातात, बाकीचे राहतात.

पण सापळा जितका खोल, तितकं पुसणं अवघड. व्होल्टेज वाढवावं, तर गेटकडून नवे इलेक्ट्रॉन आत शिरतात आणि पुसणं अर्ध्यावरच अडतं. ही गाठ आमच्या पिढ्यांना पुरली. सॅमसंगच्या टॅनॉस रचनेने ती बरीच सैल केली, तीही नायट्राइडला हात न लावता. वर ॲल्युमिनाचा थर दिला, त्याच्यातलं विद्युतक्षेत्र सौम्य राहतं. गेट टँटलम नायट्राइडचा केला, त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटत नाहीत. म्हणजे गुण आला तो शेजारच्या थरांमुळे. नव्या पदार्थाला आपलं नाव जोडलं जावं, ही हाव आम्हा पदार्थवाल्यांत मोठी आहे आणि मी तिच्यापासून मुक्त नाही.

कुणी म्हणेल, त्रिमितीय मेमरीत नायट्राइड आला तो टिकाऊपणापेक्षा सोयीमुळे. खरं आहे. २०१३च्या २४ थरी व्ही-नँडमध्ये तो उभ्या छिद्राच्या भिंतीवर सलग बसवता आला, सेलगणिक तोडावा लागला नाही. पण तीच सलगता आज नडते. इलेक्ट्रॉन शेजारच्या सेलकडे सरकतात, उथळ सापळ्यातले तर लिहिल्यावर लगेच सुटू लागतात. एका सेलमध्ये चार बिट म्हणजे सोळा पातळ्या. तिथे एवढंसं सरकणंही भोवतं. म्हणून नायट्राइड सेलगणिक तोडण्याचं किचकट काम मला आणखी एखाद्या ऑक्साइडच्या शोधापेक्षा मोलाचं वाटतं.

नव्या पदार्थावर प्रबंध लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: ताज्या सेलची रुंद मेमरी विंडो दाखवून थांबू नका. सेल हजारो वेळा लिहा, पुसा, मग ८५ अंश सेल्सिअसवर तापवत ठेवा, आणि उरलेल्या विद्युतभाराचा आलेख पहिल्या पानावर द्या.