भिंत, दार, खिडकी

आम्ही पाचही जण भिलाईत वाढलो. वडील पोलाद कारखान्यात, राहायला सेक्टरमधलं क्वार्टर, शाळेत हिंदी आणि घरी हिंदी मिसळलेली मराठी. आता इथे मी एकटाच आहे. बाकीचे पुणे, हैदराबाद, बंगळुरू आणि जर्मनीत. शनिवारी रात्री आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. तो टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण सूत्रधार, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, आणि पुष्कळसे निकाल वीस बाजूंच्या फाशावर. ज्यांना एका टेबलाशी बसता येत नाही, त्यांच्यासाठी ते टेबल पडद्यावर मांडणारी साधनं निघाली. २०१२ मध्ये रोल ट्वेंटी आलं, २०२० मध्ये फाउंड्री. आम्ही फाउंड्री वापरतो. परवाना सूत्रधाराने एकदाच घ्यायचा. बाकीचे ब्राउझरमधून येतात. आमच्यात सूत्रधार मी.

फासा टाकणं, बेरीज, कोणाची पाळी, कोणाला किती जखमा, हे सगळं यंत्र बघतं. फाशाची आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी लागते, नोंदी मी मराठीत ठेवतो. फाशावर ३ पडले, एवढं यंत्र सांगतं. त्यामुळे कुलूप नुसतं उघडलं नाही, की किल्ली आतच तुटली, हे मला ठरवावं लागतं.

नकाशावर सूत्रधार भिंती आखतो. मग प्रत्येकाला आपल्या पात्राला दिसेल तेवढंच दिसतं, पुढे काळोख. एका मोहिमेसाठी ओसाड नगर हवं होतं, म्हणून मी आठवणीतून आमचाच सेक्टर काढला. वडील निवृत्त झाले तशी आमची क्वार्टर्स सुटली होती. तिथे आता दुसरी कुटुंबं राहतात.

जर्मनीतल्या मित्राचं पात्र मशाल घेऊन एका घरात शिरलं आणि थांबलं. तो म्हणाला, “अरे, इथे भिंत नाही. खिडकी होती. बाबांची नाइट असली की आई इथे उभी राहायची.”

रात्री कारखान्यात स्लॅग ओतलं की त्या बाजूचं आकाश तांबडं व्हायचं, ते आम्हा सगळ्यांना आठवलं. काकू गेल्या वर्षी गेल्या. तो वेळेवर पोहोचू शकला नव्हता, आणि त्याबद्दल आजवर बोललाही नव्हता.

मी भिंत पुसून तिथे खिडकी ठेवली. या साधनात खिडकीतून पलीकडचं दिसतं, पण पात्राला पलीकडे जाता येत नाही. त्याने मशाल तिच्याजवळ नेली. अंगणाचा तुकडा उजळला.

“पेरूचं झाड राहिलं,” पुण्याहून आवाज आला.

“डावीकडे होतं, नळाजवळ,” तो म्हणाला, आणि काकूंविषयी बोलू लागला. त्या रात्री फासा पडलाच नाही. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा इथे पहिल्या पाळीचे लोक कामावर निघाले होते.