दिसत नाही ते पाहायला जाणे

दौंड तालुक्यातल्या केडगावकडून वारसा पाहायला निघालेला माणूस हमखास भुलेश्वरचे मंदिर गाठतो. शिल्पे आहेत, डोंगर आहे, फोटो चांगले येतात. माझे म्हणणे असे की या टापूतले सर्वांत मोलाचे ठिकाण शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी आहे: इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे अख्खे गाव हाती आले. कुडाची घरे, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट; घरातल्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली मुले, आणि घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसे. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून हे केले असावे, असा अंदाज आहे. पुढे चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. त्यामागे पाऊस आटल्याचे कारण पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी मांडले. दौंड-शिरूरच्या माणसाला दुष्काळ काय नवा?

'तिथे पाहण्यासारखे काही उरलेच नाही,' हा आक्षेप खोटा नाही. पांढरीच्या टेकाडाखेरीज डोळ्यांना फारसे काही मिळत नाही. पण वस्तू डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. आधी त्या पाहाव्यात, मग नदीकाठ. खुद्द केडगावातही असेच एक दुर्लक्षित ठिकाण आहे. १८९६-९७च्या दुष्काळातल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी इथे आसरा दिला, तो मुक्ती मिशनचा परिसर. त्याला कोणी 'स्थळ' म्हणत नाही, कारण तिथे अजून माणसे राहतात.